आबांचा बंधारा मोडताना

आबा, तुम्ही ओढ्यावर बांधलेला बंधारा मी मोडायला काढलाय. रागावू नका. म्हणजे रागवा हवं तर, तुमचा राग मला पाठच आहे. लहानपणी मी भाकरी घेऊन तुमच्या कामावर आले आणि अर्ध्या भिंतीवर चढून बसले, तर तुम्ही थापी उगारून खालूनच ओरडलात, "उतर गं! भिंत कच्ची हाय अजून." मी भोकाड पसरलं. मग भाकरीबरोबरचा गूळ तुम्ही सगळा मलाच दिलात.

आता तो बंधारा गाळानं काठोकाठ भरलाय. शेतांना नदीवरून पाइपलाइन आलीय, बंधाऱ्याचं पाणी कुणाला लागत नाही. आडवा येतोय तो फक्त खडस माशाला. पावसाळ्यात कृष्णेतून ओढ्यानं वर चढून गोट्यांत अंडी घालायची त्याची रीत. तो भिंतीवर आपटून आपटून खालीच राहतो, आणि लोक घमेली घेऊन उभेच असतात. खडस संपत आला, तशा भोई आळीतल्या बायका माझ्याकडं आल्या. मी सरपंच आहे, हसू नका, बायकांना जागा राखीव झाल्यात. कराडच्या कॉलेजातले एक सर बघून गेले. म्हणाले, वाट मोकळी करा, मासा आपणहून वर जाईल. ग्रामसभेत हात वर झाले. मला वाटलं, झालं काम.

कुठलं काय! काल शेजारच्या म्हाताऱ्या काकी दारात उभ्या. "पोरी, आधी बोकड दे. तुज्या बानं दिला न्हाई, तर बंधाऱ्यानं मानूस घेतला. मोडताना बी मागंल त्यो." एवढी वर्षं गाव हेच बोलतंय. तुम्ही बुद्धाची दीक्षा घेतलीत, पायाभरणीला बोकड कापू दिला नाहीत, आणि बंधारा पुरा होता होता काठाची दरड तुमच्या अंगावर आली. पावसानं भिजलेली दरड ती. पण गावाला पाऊस दिसला नाही, न दिलेला बोकड तेवढा दिसला. मी म्हटलं, "आवं काकी, आज बोकड कापला तर माजा बा खोटा ठरंल. न्हाई द्यायची मी." पायरीवर पहारीचं टोक घासत बसलेल्या माझ्या थोरल्या पोराकडं काकी नुसत्या बघत राहिल्या. मला त्यांचा असा संताप आला!

आज गावातल्या पोरांनी काम सुरू केलं. मी काठावर उभी. पहिला दगड निघतो, दुसरा निघतो, आणि आतून काळा गाळ सुटतो, नाक फाटेल असा वास. थट्टा करणारी पोरं मागं सरकतात. दुपारी सगळे झाडाखाली जेवत होतो, भिंतीजवळ चिटपाखरू नव्हतं, तरी भिंत आतल्या आत कण्हल्यासारखी वाजली. कराडचे सर आज कामावर आले होते, ते म्हणाले, मागं गाळाचा दाब आहे, वरून एकेक थर काढा, घाई नको. दाबच असणार. पण एकानं वाकून भिंतीला हात लावून कपाळाला लावला, मग सगळ्यांनीच लावला. माझ्या पोरानं नाही. तुमचाच नातू! ऊर भरून आला माझा, आणि तेवढ्यात त्याचा दंड धरून मी त्याला भिंतीपासून मागंही ओढलं.

उद्या तळाचे थर. ते काढायला भिंतीच्या पायथ्याशी उतरावं लागतं. पाऊस तोंडावर आलाय, थांबताही येत नाही. पोरांच्या आया घाबरल्यात. संध्याकाळी मीच घरोघरी फिरले. "भिऊ नगा गं. माजा पोरगा हायच की संगं," असं सांगत. त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या. माझ्या शब्दावर म्हणाल्या.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, चुलीतच जाईल. पण हे मला कुणापाशीच बोलता येत नाही. पहाटेच्या एसटीनं मी पोराला पलूसला त्याच्या आत्याकडं धाडतेय. ती लय आजारी हाय म्हणून सांगितलं. तो खुळा लगेच कपडे भरायला लागला.

त्याची आत्या ठणठणीत आहे, आबा.