चौघींत एक खोली

अल कुसैस, दुबई
शुक्रवार, ८ मे

प्रिय करेन,

"माझ्या नादियाला दोन वर्षं तुझ्याकडे ठेवून घेशील का, रविवारपर्यंत सांग, तिकीट अडवून ठेवलंय" असा तुझा निरोप येऊन आज चार दिवस झाले. चार दिवस मी "बोलते सावकाश" एवढंच लिहून गप्प आहे. तुला वाटत असेल, ग्रेसी नवऱ्याचं मन वळवतेय. अगं, लिओनार्डचं मन वळवायला हवं होतंच कुठे! सोमवारी फोनवर ऐकलं आणि मंगळवारी सकाळी तो नोकरीला असतो त्या रुवैसच्या कंपनीतल्या माणसाकडून त्याने व्हिसाची माहितीही काढली. कागद पुष्कळ लागतात पण जमेल, असं तो माणूस म्हणाला म्हणे. आज संध्याकाळी सुट्टीला येताना तो पलंग बघूनच येणार आहे. अठरा वर्षांच्या संसारात त्या मधल्या खोलीत आम्ही इस्त्रीचं टेबल आणि सुटकेसा ठेवत आलो, तिथे आता माणूस राहायला येणार म्हणून तो वेडा झालाय.

आणि मी? तुझा आवाज रडून बसला होता, ह्यूस्टनमध्ये आता मायलेकींचं भागत नाही हे तू अडखळत सांगत होतीस, आणि मी इकडे त्या खोलीला फिकट पिवळा रंग बरा दिसेल की निळा, याचा विचार करत होते. आनंद झाला होता मला, करेन. सख्ख्या बहिणीचं घर मोडतंय आणि आपल्याला आनंद होतो, याची आता शिसारी येते. पण याहून शिसारी यावी अशी गोष्ट पुढे आहे. हाताने लिहितेय, कारण ऑफिसचा लॅपटॉप कोण वाचतं याचा भरवसा नाही, आणि फोनवर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणशील. या वेळी तुला जाऊ देता येणार नाही.

मी नेमकं काय काम करते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. वसईला आईला तर अजून वाटतं की मी बँकेत आहे. मरीनामध्ये सत्ताविसाव्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली पांढऱ्या बोटी उभ्या असतात, वर आम्ही जगातल्या शहरांची तुलना करतो. कुठल्या शहरात राहायला किती लागतं, कुठे माणूस किती पगारात टिकेल, याचे तक्ते करून कंपन्यांना विकतो. गेल्या ऑक्टोबरात एका अमेरिकन कंपनीचं काम आलं. वृद्धाश्रम चालवणारी कंपनी. अमेरिकेतली बारा मोठी शहरं, आणि प्रश्न एकच: म्हाताऱ्यांची आंघोळ, लंगोट, औषधं बघणाऱ्या बाईला आम्ही देतो तो पगार त्या त्या शहरात पुरतो का? माझा साहेब अन्वर, हैदराबादचा, सभ्य माणूस. काम माझ्याकडे देत म्हणाला, "ग्रेसी, ये तुम्हारे लिए हलवा है."

हलवा कसला! सहा आठवडे मी त्या बारा शहरांत डोकं घालून बसले आणि रोज काहीतरी नवीन सापडायचं. अमेरिकेची सरकारी दारिद्र्यरेषा न्यूयॉर्कला जी, तीच डेट्रॉइटला. घरभाडं कुठे तिप्पट, कुठे निम्मं, पण रेष तीच, म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलींना एकाच मापाचा फ्रॉक. कागदावर बघशील तर सॅन फ्रान्सिस्कोत गरीब कमी, फिलाडेल्फियात जास्त. पहिल्या दिवशी मलाही वाटलं, वा, काय छान शहर आहे. मग कळलं की ज्याला भाडं परवडत नाही तो त्या शहरात उरतच नाही. तो दोन तास लांब राहतो, पहाटे गाडी हाकत येतो, श्रीमंतांच्या आईबापांची ढुंगणं धुतो आणि परत जातो. मोजायला येतात तेव्हा तो तिथे नसतो. डेट्रॉइटला घरं स्वस्त, तर कामावर न्यायला बस मिळेल याची खात्री नाही. आणि तुझं ह्यूस्टन! भाडं बघून हायसं वाटावं, आणि मग त्यात गाडी धरली, तिचा विमा, पेट्रोल, कारण गाडी नाही तर तिथे नोकरी नाही, की झालं सगळं पाणी.

आमच्या ऑफिसात हे सगळं कसं बोललं जातं ते तू ऐकायला हवं होतंस. अठ्ठावीस दिरहॅमची कॉफी, म्हणजे साडेसहाशे रुपयांची, हातात धरून एक पोरगी शिकागोच्या बायकांनी अंडी किती खावीत ते ठरवायची. आठवड्याला सहा की नऊ? सहा पुरेत म्हणाली आणि एक शहर जरा परवडायला लागलं. मी मुकाट्याने सहा लिहून घेतली. नाक मुरडायला मला तोंड कुठे आहे? इथे दुबईतही गरीब दिसत नाही म्हणून सगळे खूश असतात. दिसेल कसा, नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की माणूस खलास, विमानात. बावीस वर्षं मी याला शिस्त म्हणत आलेय.

तर पहिला तक्ता तयार झाला. मी तो प्रामाणिकपणे केला होता, एवढं तरी म्हणू दे. एक बाई, तिचं एक मूल, छोटंसं वेगळं घर, पोटभर जेवण, कामावर जायची सोय. पगार पुरला तर हिरवा रंग, नाही पुरला तर लाल. बाराच्या बारा शहरं लाल आली. अन्वरने स्क्रीनकडे बघून कपाळाला हात लावला. "ये क्या टमाटर का खेत बना दिया?" तिकडच्या कंपनीच्या माणसाने व्हिडिओवर जराही आवाज न चढवता सांगितलं की आमच्या बायका तर राहतायत ना त्या शहरांत, मग पगार पुरत नाही कसा म्हणता? काही गृहीतकं पुन्हा तपासा. फार गोड बोलत होता.

आता यापुढचं मी अन्वरवर ढकललं असतं तर तुला कधीच कळलं नसतं. मनात चार दिवस तेच जुळवत होते. पण ते अन्वरने सुचवलं नाही. तो नुसता टेबलावर बोटं वाजवत बसला होता. मी म्हणाले, "सर, शेअरिंग धरूया."

तुला माझं इथलं सत्व्यातलं घर आठवतं? घर कसलं, बेडस्पेस. तू बारावीत होतीस, मी फोनवर सांगायचे की हॉस्टेलसारखी मजा आहे. एका खोलीत सहाजणी, दोन मजली पलंग, माझा खालचा, भोवती पडदा. फ्रिजमध्ये प्रत्येकीला अर्धा कप्पा, गॅसला प्रत्येकीला वीस मिनिटं. चार वर्षं मी तशी राहिले आणि त्यातून तुझी फी भरली. त्यामुळे खालच्या पगाराची बाई म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर पलंगच येतो, घर येतच नाही. मी सहाच्या जागी चौघी धरल्या. त्यातही मला वाटलं की मी मन मोठं केलं! चौघींत एक खोली, भाडं भागिले चार. ऑफिसात कोणी हूं की चूं केलं नाही, कारण तिथला प्रत्येकजण कधी ना कधी त्या पलंगावर झोपलेला, नाहीतर ज्यांच्याकडून कामं करून घेतो ते झोपतायत. अमेरिकेत पोरं घेऊन राहणाऱ्या बायकांना आम्ही दुबईच्या बेडस्पेसमध्ये कोंबलं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि चौघींच्या खोलीत मूल चालत नाही, हे तर इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून मी मुलाची ओळ पुसून टाकली. शाळा, दूध, पाळणाघर, डॉक्टर, सगळं एका बटणात गेलं. अकरा शहरं हिरवी झाली, सॅन फ्रान्सिस्को पिवळं, म्हणजे जेमतेम. अन्वरने सगळ्यांसाठी कुनाफा, इथली चीजची मिठाई, मागवला. गरम होता. मी दोन तुकडे खाल्ले.

ती कंपनी कोणती, हे आम्हाला सांगत नाहीत, व्हिडिओवरचा माणूसही नाव घेत नाही. कागदावर "क्लायंट सात" एवढंच असतं. पण वृद्धाश्रमांचे पत्ते दिलेले असतात, बसचं अंतर काढायला. ह्यूस्टनच्या पत्त्याशी मी थांबले. त्याआधीच्या नाताळला तुला फराळाचे कुलकुल पाठवले होते, तू घरी नसतेस म्हणून कामाच्या ठिकाणी पाठव म्हणाली होतीस, तोच पत्ता. मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, करेन. तक्त्यातली ती बाई तू आहेस, हे मला सगळा वेळ ठाऊक होतं. तुझा पगारही मला तिथेच कळला. तू आम्हाला गाडीपुढे उभी राहून फोटो पाठवायचीस, आईला चॉकलेटं पाठवायचीस, आणि माझ्या स्क्रीनवर दिसत होतं की टोनी तुम्हा मायलेकींना सोडून गेल्यापासून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर तुमच्याकडे पैसे असणं शक्यच नाही. सरकारी रेषेच्या तू जेमतेम वर आहेस, म्हणजे हिशेबाने तू गरीबसुद्धा नाहीस. मी फोन उचलून विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग मला ते काम करता आलं नसतं.

मार्चमध्ये तू सांगितलंस की तुमच्याकडे नोटीस लागली. एका स्वतंत्र अभ्यासातून सिद्ध झालंय की आपला पगार या शहरात आई आणि मूल दोघांना पुरेसा आहे, सबब यंदा वाढ नाही आणि रविवारचा जादा भत्ता बंद. तू चिडून म्हणालीस, कुठल्या तरी मेल्याने एसीत बसून हे काढलंय, त्याला महिनाभर इथे पाठवा. मी तुझ्याबरोबर हसले. वर म्हणाले, लाज नाही यांना. फोन ठेवून मी कपडे वाळत घातले, जेवले, झोपले.

काल नादियाशी बोलले, तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा. विचारलं, बाळा, तुला यायचंय ना इकडे? मला वाटलं स्विमिंग पूलबद्दल विचारेल. ती म्हणाली, "इट्स फाइन, आंटी. इट्स चीपर." नऊ वर्षांची पोर! माझ्या ऑफिसातल्या माणसांसारखी बोलली, तितक्याच शांतपणे. फोन बंद करून मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. पित्त म्हणून सांगितलं असतं, पण घरात सांगायला कोणी नव्हतं.

म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. नादियाला पाठवू नकोस. मी तिला घेणार नाही. लिओनार्डला आज संध्याकाळी मी हे सगळं सांगेन आणि पलंगाचा बेत रद्द करायला लावीन. नोटिशीत आई आणि मूल लिहिलंय, पण ज्या तक्त्यावर ती नोटीस उभी आहे त्यात मूल नाहीच, मी ते काढून टाकलंय. आणि आता तू स्वतःच्या हाताने पोरीला विमानात बसवून माझा तक्ता खरा करायला निघालीस. सोबत सहा पानं आहेत, इथल्या टायपिंग सेंटरमधून काढलेल्या झेरॉक्स; कुरियर पोचायला वेळ लागेल, म्हणून या सगळ्याचे फोटो आजच तुझ्या फोनवर पाठवतेय. पहिल्या तीन पानांवर बारा लाल शहरं, पुढच्या तीन पानांवर तीच शहरं हिरवी, एक तेवढं पिवळं, आणि शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात "चौघींत एक खोली, अपत्य नाही". रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये तुम्हा बायकांना भेटायला ज्या वकीलबाई येतात, त्यांच्या हातात हे दे. माझं नाव खोडू नकोस, ते असल्याशिवाय कागदाला किंमत नाही. इथे त्याचं काय होईल ते मला ठाऊक आहे, नोकरीवर भागलं तर नशीब. तू मला काय म्हणशील तेही ठाऊक आहे, आणि ते म्हण. पण आधी तिकीट रद्द कर.

तुझीच, आणि त्या सहाही पानांवर जिची सही आहे ती,
ग्रेसी