एकाच मापाच्या दोन उशा

प्रिय मयूरी,

तू लग्नाला नाही म्हणालीस, हे परवा आमच्या वैभवनं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तिले आपल्या घरात जमनार नाही म्हन्ते," आणि मान खाली घालून बैलांना पाणी पाजायला निघून गेला. मी फोन करणार होते, पण तू 'हो काकू, हो काकू' म्हणशील आणि ठेवून देशील. शिवाय आमच्याकडे फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, अख्खी आळी ऐकते. म्हणून लिहितेय. वैभवच्या हाती पत्राबरोबर एक पिशवी दिलीय, तीत उशी आहे. हसू नकोस. नाही म्हणणाऱ्या मुलीला उशी पाठवणारी गुडीहत्नूर मंडलातली मी पहिलीच बाई असेन, असू दे.

तू तुझ्या आईबरोबर घर बघायला आलीस, तो दिवस मी विसरलेले नाही. कापूस वेचायला लागलो की आम्ही शेतात सीतादही करतो, दहीभाताचा नैवेद्य दाखवतो आणि मगच पहिला कापूस घरी आणतो. त्या कापसाला फार मान. यंदाचा मी तुझ्यासाठी बाजूला ठेवला होता. हातानं सरकी काढली, उशी भरली, वर नवा अभ्रा चढवला. पिंजाऱ्याकडे मुद्दाम नेला नाही, देवाचा कापूस परक्या हाती कशाला द्या म्हणून. आणि शेतातली सगळी धूळ, वाळका पाला, कुसं असं सगळं मानानं तुझ्या डोक्याखाली ठेवलं! त्यात माजघरात आढ्यापर्यंत कापसाची रास. भाव चढेस्तोवर तो घरातच असतो, त्याच्या कडेकडेनं आम्ही जेवतो, झोपतो, पाहुण्यांनाही तिथंच बसवतो. जेवण झाल्यावर तू जरा आडवी झालीस आणि थोड्या वेळानं उठून बसलीस ती पुन्हा टेकलीच नाहीस. तुझ्या आईनं ताक बाधलं म्हणून सांगितलं. शेजारच्या सखूबाईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी स्वयंपाकघरात पुऱ्या आवरत होते. तुझ्या छातीतली बारीक शिटी मला तिथपर्यंत ऐकू आली. घर माणसांनी भरलेलं होतं, पण दुसऱ्या कुणाला ती ऐकू आली नाही. तू पाठ करून पिशवीतून काहीतरी काढून तोंडाशी धरलंस, तेही मी पाहिलं आणि मुद्दाम दारात आडवी उभी राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून.

तर उशीचं सांगते. तू येऊन गेलीस त्याच आठवड्यात, तुझा नकार यायच्या आधी, मी आदिलाबादला गेले आणि गाद्यांच्या दुकानात दुपार काढली. दुकानदार तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलतो, उशीला दिंडु म्हणतो. त्यानं आधी सावरीच्या कापसाची दाखवली. लोण्यासारखी मऊ, पण डोकं ठेवलं की खाली पार सपाट. मग फोमची काढली, ती इतकी उंच की मान बगळ्यासारखी झाली. मी सरळ त्याच्या बाकावर कुशीवर आडवी झाले. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कान यांच्यामध्ये जेवढी जागा उरते तेवढीच उशी हवी, मान ना वर ना खाली. शेवटी धुता येणारी फायबरची घेतली. दुमडून सोडली तर लगेच उलगडते. ज्या दिवशी उलगडणार नाही त्या दिवशी टाकून द्यायची, जीव लावायचा नाही. आत घट्ट विणीची चेनवाली खोळ आहे, ती काढू नकोस. वरचा अभ्रा आठवड्याला गरम पाण्यात टाक. उशी धुतलीस तर आतून कोरडी होईपर्यंत उन्हात ठेव, ओलसर राहिली की आत बुरशी धरते. तेल लावून झोपायचं असेल तर वर जुनं धुवट लुगडं टाक. मला हे सगळं कसं ठाऊक, हे दुकानदारानंही विचारलं. बायकांना ठाऊक असतं, म्हटलं.

उशा मी दोन घेतल्या, एकाच मापाच्या. घरी वैभवचे वडील, चंपतराव, म्हणाले, "एका पोरीच्या डोक्याले दोन उशा काऊन?" वैभवला वाटलं दुसरी त्याची. तो तर लाजलासुद्धा. मी दोन्ही उशा फडताळात ठेवल्या. पण त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की पुढच्या हंगामापासून कापसाचं बोंडसुद्धा घरात येणार नाही. गोठ्यालगत पत्र्याचं शेड बांधायचं, कापूस तिथं. चंपतराव तापले. "सून यायच्या पयलेच घर बदलून राह्यली तू! आमच्या आज्यापासून कापूस घरातच येते." मी म्हटलं, आज्याला घेऊन शेडात झोपा. दोन दिवस अबोला होता. पण तिसऱ्या दिवशी ते खुंट्या ठोकून जागा आखत होते. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस कुठून वळतो एवढं कळतंच.

आता दुसऱ्या उशीचं. ती वैभवची नाही, माझी आहे. मयूरी, मला दमा आहे, लग्नाच्या आधीपासून. माझी आई म्हणाली होती, बोलू नको, परत पाठवतील. मी बोलले नाही. आधी गोळ्या डाळीच्या डब्यात लपवल्या, मग पंप. बांगड्या भरायला म्हणून आदिलाबादला जायचं आणि डॉक्टर गाठायचा. कापूस आला की मी ओसरीवर झोपते, पौषातल्या थंडीतही, आणि घरातल्यांना वाटतं मला उकडतं! तुझा नकार ऐकल्यावर मला राग आला, तुझा नाही, त्या डाळीच्या डब्याचा. काल सगळे जेवायला बसले तेव्हा मी पंप ताटाशेजारी ठेवला आणि सगळ्यांदेखत ओढला. चंपतराव म्हणाले, "थे काय व्हय?" मी सांगितलं. हातातली भाकरी त्यांनी ताटात ठेवली. मग ते न जेवता उठले. मला वाटलं, झालं. बाहेर जाऊन बघते तर हा माणूस शेडच्या खुंट्या उपटत होता. उपटून गोठ्याच्या पार पलीकडे, चिंचेपाशी नेऊन ठोकल्या. "वारा घराकडं येते तिथून," एवढंच बोलले. मी पदर तोंडाला लावून रडले. वैभव तुला आवडत नसेल तर बेलाशक नाही म्हण, मी तुझ्या आईला स्वतः समजावेन. पण श्वासापायी नाही म्हणत असशील, तर यंदाचा कापूस विकून माजघर मोकळं झालंय, माझी उशी आता तिथं अंथरलेली आहे आणि पंप तिच्या शेजारी उघड्यावर आहे. शेजारची जागा मी झाडून ठेवलीय.

तुझीच,
सुनयना
(सासू व्हायचं की नाही, ते तू ठरव.)