थीयाने बढाई मारली नाही

पोर्टलंड, मंगळवार

लाडके लोर्ना,

आम्ही सुखरूप आहोत. बर्फाने रस्ता अडवलाय, परवा निघू. शेगडीला लाकडं पुरतायत ना?

आपल्या नातीची, थीयाची, कॉलेजच्या प्रवेशाची मुलाखत झाली. कॉलेजच्या वतीने, तिथेच शिकलेल्या एक वकीलबाई कॉफीच्या दुकानात भेटल्या. बाई गोड होत्या. मी पलीकडच्या टेबलाशी पाठ करून बसलो होतो.

त्यांनी विचारलं, "अभिमान वाटावा असं काय केलंयस?"

"विशेष काही नाही."

माझा हात मोडला तेव्हा धुक्यातून एकटीने होडी किनाऱ्याला आणली पोरीने, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"बरं, तुला मला काही विचारायचंय?"

"नाही, बाई."

तासाभराची मुलाखत वीस मिनिटांत आटोपली.

मोठ्यांना उलट प्रश्न करू नये, आपल्या मासेमारीच्या पिंजऱ्यात सापडलेली शेवंडं चारचौघांत मिरवू नयेत, हे मीच तिला शिकवलं ना? इथे मिरवणं हीच परीक्षा होती, हे मला अडाण्याला कुठून कळावं? माझ्याच हाताने मी तिचा दोर कापला, लोर्ना.

गाडीत बसताच म्हणाली, "आजोबा, एकदासुद्धा बढाई मारली नाही मी. शाबास म्हणा की."

मी म्हटलं. आम्ही घरी आल्यावर तूही म्हण.

घराच्या वाटेकडे डोळे लावून,
ऍन्सेल