फैलकावरचे सहा आठवडे

२६ जानेवारी, रविवार. सालमिया, कुवेत.

तुरुंग आणि सहल एकाच तिकिटात. मराठी मंडळाच्या सायकल गटाचं आमंत्रण लेकीने, वैदेहीने, फोनवर दाखवलं. 'फैलका बेट : युद्धकाळातली ऐतिहासिक कोठडी, समुद्राकाठची निसर्गरम्य सायकल सफर, दुपारी बिर्याणी.' शेवटी हसरा चेहरा. कोठडीपुढे हसरा चेहरा काढणाऱ्याला मी तासभर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

खाली आणखी एक ओळ. 'विशेष आकर्षण : शैलाकाकू आपल्या यजमानांच्या बंदिवासाची कहाणी प्रत्यक्ष जागेवर सांगतील.' मला कुणी विचारलं?

"आई, मंडळाच्या पाटणकरांना मीच सांगितलं," लेक म्हणाली. "एरवीही तू सांगतेसच."

हे खरं आहे. इथल्या शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि दर वर्षी एकदा, सकाळच्या प्रार्थनेनंतर, माधवचे ते सहा आठवडे सांगितले. मागच्या रांगेतली टवाळ पोरंसुद्धा गप्प व्हायची.

माधव शेजारी बसून संत्रं सोलत होता. फैलका म्हटल्यावर त्याने मानही वर केली नाही. निम्म्या फोडी मला दिल्या.

२९ जाने., बुध.

महिन्याचा व्हिसा. परतीचं तिकीट २० फेब्रु.चं. पुन्हा येणं होईल असं वाटत नाही. माधवच्या विसरण्याबद्दल पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, "नवीन आधी जाईल, जुनं मागाहून." मी विचारलं, मागाहून म्हणजे कधी. ते हसले. हसणारे डॉक्टर मला आवडत नाहीत.

आज सकाळी माधवने तीनदा विचारलं, हे घर कुणाचं. लेकीचं, लेकीचं, लेकीचं.

नव्वद साल. तेव्हा रीतच होती. उन्हाळा लागला की बायकापोरं गावी आणि नवरे इथे, वरणभातावर. मी आठ महिन्यांच्या वैदेहीला घेऊन बेळगावला, माहेरी. माधव बेटावरच्या वीजघरात नोकरीला. ऑगस्टात इराकचं सैन्य शिरलं, युद्ध आलं. पत्र नाही, तार नाही, कुणाच्या तोंडी निरोप नाही. ऑक्टोबरात अम्मानहून आलेल्या विमानातून उतरला तो निम्मा होऊन. मी विचारलं, कुठे होतास. म्हणाला, "बेटावर होतो. बरं होतं."

पस्तीस वर्षांत एवढे चार शब्द. बाकीचं मी जोडलं. कोठडी, दिवसाला एक खुबूसची रोटी, भिंतीच्या फटीतून दिसणारा समुद्र. कुणीतरी जोडायला हवंच होतं. लोक विचारतात, आणि 'बरं होतं' हे काही उत्तर नव्हे.

या वेळी विचारणार. त्याच जागी उभं करून. पुढच्या वर्षी माणूस समोर बसलेला असेल आणि विचारायला कुणी उरलेलं नसेल.

३१ जाने., शुक्र.

गल्फ रोडवर सराव. सोळा वर्षांनी सायकलवर बसले. डोक्याला हेल्मेट नावाची कढई. वैदेहीचा हुकूम : बाबा बेटावर बसमधून फिरतील.

"तू ठरवणार?"

"आई, ते रस्ता विसरले तर?"

"मी असेन ना मागे."

हा वाद चालू असताना माधवने वैदेहीची उंच सायकल हातात घेतली, सीट दाबून पाहिली, चेन बोटाने तपासली आणि निघाला. समुद्र करड्या रेशमासारखा, कुवेतचे ते प्रसिद्ध मनोरे धुक्यात अर्धे बुडालेले. तो त्या धुक्यात शिरला आणि नाहीसा झाला. दोन मिनिटं मोजली मी. मग परत आला, तसाच सावकाश, एक हात सोडून.

"आज्जी, ही इज सो फास्ट," नात इरा म्हणाली. नऊ वर्षांची आहे. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. माझीच शिकवण माझ्यावर उलटते आहे.

वैदेहीने बाबांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. म्हणजे परवानगी.

४ फेब्रु., मंगळ.

भाषण लिहायला बसले. आजवर कधी लिहावं लागलं नव्हतं. 'सहा आठवडे' इतकं लिहून थांबले.

पाटणकरांचा फोन. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, आवाजही तसाच. "काकू, पंधरा मिनिटं धरलीत तुमच्यासाठी. थोडं रडवा आम्हाला, पण बिर्याणी गार व्हायच्या आत."

"रडायचं असेल तर बिर्याणीच रद्द करा," म्हटलं. त्यांना वाटलं मी विनोद केला.

७ फेब्रु., शुक्र. संध्याकाळ.

जमेल तसं लिहिते.

बोटीत सगळे बडबडत होते. अर्ध्या वाटेवर धुकं इतकं दाट झालं की बडबड आपोआप थांबली. पाणी आणि आकाश यांतली रेघच पुसलेली. बोट पुढे जातेय की उभी आहे, कळेना. माधव कठड्याशी उभा, डोळे मिटून, वास घेत होता. नंतर धुक्यातून एक पाण्याची टाकी वर आली, तिच्याखाली काहीच नाही. मग हळूहळू बेट तिच्याखाली येऊन उभं राहिलं.

घरं आहेत, माणसं नाहीत. ओळीने घरं, दारं उघडी, खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं. बँकेच्या भिंतीवर गोळ्यांची भोकं, त्यांत चिमण्यांनी काड्या भरलेल्या. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला म्हणतात, त्यामुळे अंगणांत बारीक पिवळी फुलं. एक उंट कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या दारात उभा होता, पाहुणा असल्यासारखा.

सायकली वाटून झाल्या. पाटणकर शिट्टी वाजवत सगळ्यांना डावीकडे घेऊन गेले, पोलीस चौकीकडे. तीच ती ऐतिहासिक कोठडी. माधव उजवीकडे वळला. हाक मारणार होते. नाही मारली. वैदेहीला हातानेच खूण केली आणि त्याच्या मागे निघाले.

काय रस्ता होता तो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाऱ्या पाण्याचं पांढरं मैदान, मधोमध आम्ही दोघं. वारा पाठीवर. पेडल मारायचीही गरज नाही असं वाटत होतं. एकदा तर पायांखाली रस्ता नाहीच, नुसता उजेड आहे, असं झालं. लग्नाआधी बेळगावच्या कॅम्पातून आम्ही असेच जायचो, तो पुढे आणि मी पंधरा हात मागे, कुणी पाहिलं तर ओळख नाही म्हणून. आज मधली सगळी वर्षं कुठे गेली होती कोण जाणे. त्याच्या शर्टात वारा भरला होता. मला काही विचारायचं आहे हेच मी विसरले.

तो एका शाळेपाशी थांबला. छप्पर नाही, फळा शाबूत. सायकल भिंतीला टेकवली नाही, स्टँडवर लावली. नेहमीची जागा असावी तशी.

"इथे कॅन उतरवायचो."

"कसले?"

"पाण्याचे. पंपापासून इथपर्यंत. हँडलला दोन्हीकडे दोन."

"कुणासाठी?"

"आत कोंडलेले होते ना. नऊ जण. नंतर सात."

"आणि तू? तुला कुठे कोंडलं होतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मी मठ्ठ मुलांकडे बघायचे तसं. "मला कशाला कोंडतील? पंप मलाच चालवता यायचा. शिपाई म्हणायचे, उस्ताद, पाणी."

मी फळ्यावरची धूळ बोटाने पुसली.

"बोट आली होती," तो आपणहून म्हणाला. "गावातल्या लोकांना नेलं. मलाही म्हणाले, चल बस."

"कधी?"

"लगेचच. ऑगस्ट होता."

"आणि तू बसला नाहीस."

"पाणी बंद पडलं असतं. आतल्यांना कुणी दिलं असतं?"

मग समुद्राकडे तोंड करून म्हणाला, "पहाटे असंच असायचं. मी एकटा सायकलवर. इतकं बरं वाटायचं, शैला."

पस्तीस वर्षं हा माणूस मला खरं तेच सांगत होता.

परतीचा वारा समोरून. चौकीपाशी तीस माणसं अर्धवर्तुळात उभी, फोन वर धरून. पाटणकर म्हणाले, "या काकू, तुमचीच वाट बघतोय." मी त्या खोलीत डोकावले. गज, अंधार, कुणीतरी फेकलेली शीतपेयाची बाटली. वळून म्हटलं, "या खोलीबद्दल मला काहीही माहीत नाही. बिर्याणी वाढा."

हसावं की नाही, कुणाला कळेना. माधवने मात्र दोनदा घेतली.

८ फेब्रु., शनि.

संताप. काल समुद्राने झिंगवलं होतं, आज उतरलं.

ऑगस्टात बसला असता त्या बोटीत तर फार तर सप्टेंबरात घरी. त्या सप्टेंबरात वैदेहीला गोवर आला. मी रात्रंदिवस रेडिओला कान लावून. आईने देव पाण्यात बुडवून ठेवलेले. आणि हा सायकलवर. पहाटेचा समुद्र बघत. बरं वाटत होतं याला.

सात जण. त्यांची नावंही विचारली मी काल रात्री जेवताना. "नावं कशाला," म्हणाला. "तहान होती."

याला काय उत्तर द्यायचं? बायको-मुलगी सोडून परक्या सात माणसांना पाणी पाजणाऱ्याला वाईट कसं म्हणायचं? कॉन्व्हेंटात सिस्टरनी अशा माणसांच्या गोष्टी सांगूनच मोठं केलं आम्हाला. त्या गोष्टींत बायका नसायच्या.

तेव्हाच सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आधी भांडले असते. मग त्याचंही प्रार्थनेनंतरचं भाषण केलं असतं. म्हणूनच नाही सांगितलं का? या विचाराने तर आणखी चिडले. दुपारभर त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

१२ फेब्रु., बुध.

चहा देताना सरळ विचारलं. "बोट आली तेव्हा तुला आमची आठवण झाली का?"

"कुठली बोट?"

"फैलकाची."

"मी त्या वर्षी मंगफला होतो," शांतपणे म्हणाला. "कंपनीची खोली होती. चौघे राहायचो."

मंगफला, इकडच्या किनाऱ्यावर, तो होता ते चौऱ्याऐंशी साली. मग शाळा, कॅन, नऊ आणि सात, हे कुठलं? झालेलं, की माझ्यासारखंच जोडलेलं? बाकीचं सगळं गळून जाताना उरलेलं एक स्वप्न? आता विचारायचं कुणाला. त्या सातांतला एखादा कुठेतरी म्हातारा होऊन बसला असेल, आणि सायकलवाल्या हिंदी माणसाबद्दल नातवंडांना सांगत असेल. किंवा नसेल.

वैदेही म्हणते, "आई, बाबांची गोष्ट नीट लिहून ठेव, इराला वाचायला."

कुठली? कोठडीतली खोटी आहे, आणि सायकलवरची खरी असेल तर त्यात वैदेहीच्या बापाने घरी यायची बोट सोडून दिली. लिहिते म्हटलं. काय लिहिणार, देव जाणे.

१५ फेब्रु., शनि.

पाटणकर भेटायला आले, पेढे घेऊन. माझं काहीतरी बिनसलं म्हणून. मला वाटलं होतं हा माणूस नुसता शिट्टीच आहे. जाताना दारात हळूच म्हणाले, "काकू, माझे वडीलही शेवटी शेवटी असेच. रोज नवीन सांगायचे. मी खरंखोटं करत बसलो आणि ऐकायचं राहिलं."

सल्ला मागितला नव्हता. पण दार लावताना जरा हळू लावलं.

१९ फेब्रु., बुध.

उद्या निघायचं. सकाळी बाल्कनीत बसलो होतो, धुकं खालच्या बकाल्यापर्यंत, किराणा दुकानापर्यंत, उतरलेलं, समोरच्या इमारतींचे नुसते वरचे मजले तरंगत होते. दुकानदाराचं शटर वर गेल्याचा आवाज आला, दुकान दिसलं नाही.

माधव म्हणाला, "तू तेव्हा कुठे होतीस?"

"केव्हा?"

"मी बेटावर होतो तेव्हा."

नजर स्वच्छ. मी कप खाली ठेवला. हा प्रश्न मला पस्तीस वर्षांत कुणी विचारलेला नाही. गोष्ट त्याची होती, मी फक्त सांगणारी.

म्हणून सांगायला लागले. बेळगावची माडीवरची खोली. रेडिओ. वैदेहीचा गोवर. पहिला महिना कसा रडून काढला ते. तो ऐकत होता, अगदी पुढे वाकून, मुलं ऐकायची तसा. दुसऱ्या महिन्यात माझ्या बाबांनी विचारलं, पुढचं काय ठरवलंस. त्या दिवसापासून रडायचं थांबलं. झोप लागायला लागली, चांगली गाढ, आणि तिची लाज वाटेना. एके सकाळी इस्त्रीची साडी नेसून जुन्या कॉन्व्हेंटात गेले, नोकरी मागायला. मदरनी अर्ज पुढे केला. नाव, शिक्षण, आणि त्याखाली तीन चौकोन : विवाहित, अविवाहित, विधवा. मदर खिडकीकडे बघत राहिल्या, मला वेळ मिळावा म्हणून.

इथे थांबले.

"मग?" माधव म्हणाला.

आतून वैदेहीची हाक, बॅगांचं वजन करायचंय. आले म्हणून उठले, आणि तिच्याकडे न जाता इथे येऊन हे लिहितेय.

तो बाहेरच बसलाय. दोनदा विचारून झालं त्याचं. कशावर खूण केलीस, शैला.