पोट भरलं म्हणणारे पाहुणे

॥ श्री ॥

पुणे, ३ जून २०२४

तीर्थस्वरूप कस्तुराआत्यास अजिंक्यचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बोललो की तुझ्या घरी येऊन बसलेले बाबा तुला स्पीकर लावायला सांगतात आणि मग तू निम्मं बोलणं गिळतेस. म्हणून हा उपद्व्याप.

सहा वर्षं इथल्या हॉटेलात चायनीज, थाई, जपानी रांधतोय. आता मला सोलापुरात स्वतःचं हॉटेल काढायचं आहे. सात रस्त्याला घराखालचं आपलं टॉवेल-चादरीचं दुकान आई गेल्यापासून बंदच आहे, आणि बाबा ते एका मोबाईलवाल्या कंपनीला भाड्याने द्यायला निघाले आहेत. मी मागितलं, तर म्हणाले की ताईला विचार. ताई हो म्हणाली तर गणपतीपर्यंत दुकान तुझं, नाही म्हणाली तर विषय बंद. म्हणजे माझं सगळं तुझ्या जिभेवर आलं.

तेव्हा गावात चायनीज, मोमो, थाई म्हणून जे काय मिळतं ते खाऊन बघ आणि खरं खरं लिही. लोकांना काय आवडतं ते मला कळेल आणि तुलाही मत बनवता येईल. गोड बोलू नकोस हे तुला सांगायला नको. स्वतःच्या लग्नातल्या जिलबीबद्दल तू सासऱ्यांना काय ऐकवलंस ते अख्ख्या खानदानाला पाठ आहे.

तब्येत सांभाळून खा. लोभ आहेच, तो तिखटाबरोबर वाढू दे.

तुझा,
अजिंक्य

---

सोलापूर, १४ जून २०२४

चि. अजिंक्यास कस्तुराआत्याचे अनेक आशीर्वाद. विशेष असे की, तुझ्या कामापायी माझ्या पोटाची पार वाट लागली आहे.

पहिल्यांदा गेले ते सात रस्त्याजवळच्या त्या एसी हॉटेलात. नाव लिहीत नाही, मालक आपल्या शेजारच्या गुरुलिंगअप्पांच्या नात्यातला आहे. आत एवढा अंधार की पुढ्यात काय ठेवलंय ते जिभेनंच ओळखायचं. भिंतीवर ड्रॅगन आणि त्याच्या शेपटीखाली मालकाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं. वेटरला विचारलं की यात थाई काय आहे, तर तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला की चायनीजमध्ये नारळाचं दूध घातलं की थाई होतं. मी म्हटलं, की मग कोकणातली सगळी माणसं थाईच म्हणायची.

सूप मागवलं, तर कॉर्नफ्लोअरची खळ आली. आपल्या एमआयडीसीत सुताला लावतात ती खळ याच्यापेक्षा पातळ असते आणि निदान कामाला तरी येते. बाकी सगळ्यात ते शेजवान. भातात शेजवान, डोशात शेजवान, पनीरवर शेजवान. उद्या हे लोक तीर्थातही घालतील. मी वेटरला हे तोंडावर सांगितलं, तर तो हसून म्हणाला की आज्जी, सांगायला सगळे सांगतात, पण मागवतात तेच की.

दुसऱ्या दिवशी मकदूमची रिक्षा करून कुंभारीला गेले. तिथे पायल नावाच्या पोरीने मोमोची गाडी लावली आहे. मोमो मोमो म्हणून एवढा गाजावाजा, आणि निघालं काय, तर आपली नागपंचमीची दिंडं! फक्त आतलं पुरण चोरीला गेलेलं आणि त्या जागी कोबी भरलेला. चटणी मात्र झकास, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं तिनं. पायलचं कौतुक केलं, तर कळलं की चटणी तिच्या आजीची आहे. म्हणजे त्या गाडीवर जे चांगलं आहे ते कुंभारीचंच आहे.

थोडक्यात, अजून तरी माझं मत तुझ्या बाजूला झुकलेलं नाही. या गावाला आणखी एक ड्रॅगन कशाला हवा ते मला समजावून सांग.

ओवा खाऊन पडले आहे. माया आहे म्हणून खाल्लं, हे विसरू नये.

तुझी,
कस्तुराआत्या

---

पुणे, २२ जून २०२४

तीर्थस्वरूप आत्यास सा. न.

तुझं पत्र मी आमच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून दाखवलं. खळीला सगळे हसले. दिंडांवर मात्र आमच्या दार्जिलिंगच्या मोमोवाल्या वस्तादानं मला दिवसभर कोबी चिरायला बसवलं.

आत्या, मला ड्रॅगन लावायचाच नाही. तू खाल्लंस ते चायनीज नव्हेच. मी शेवयांसाठी जो रस करतो तो सकाळी चुलीवर चढतो आणि संध्याकाळी उतरतो, त्यात कॉर्नफ्लोअरचा कणही नसतो. आमच्याकडे ताट भरत नाहीत, रचतात. थोडं वाढायचं, पण बघणाऱ्यानं बघत राहावं असं. सोलापूरला एकदा ही चव कळली की लोक शेजवानचं नाव काढणार नाहीत. आणि हो, गाड्यांवरचं मी धरतच नाही. तिकडे जाऊन पोट बिघडवून घेऊ नकोस.

लोभाचं जे काही शिल्लक असेल ते माझ्या वाट्याला ठेव.

अजिंक्य

---

सोलापूर, १ जुलै २०२४

चि. अजिंक्यास आशीर्वाद, आणि थोडा धपाटाही.

तू धरत नाहीस म्हणून मुद्दाम गाड्यावर गेले. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या वळणावर शाकीर आणि त्याची बायको हुस्ना गाडा लावतात. पाळी सुटली की यंत्रमागवाले सायकली, मोटारसायकली टेकवून गाड्याला गराडा घालतात. घरनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी काढतात आणि शाकीरकडून नुसती मंचुरियनची ग्रेव्ही घेतात. ज्वारीची भाकरी कुस्करायची आणि त्यावर ती लालभडक ग्रेव्ही. चीनमधल्या माणसानं बघितलं तर तो आडवा पडेल. मीसुद्धा पहिल्यांदा नाक मुरडलं.

रंग म्हणशील तर बोटांचा जाता जात नाही. अजिनोमोटो तो मुठीनं टाकतो. कोबी कधी धुतला होता ते कोबीलाच माहीत. हे सगळं मी शाकीरला सांगितलं. तो म्हणाला, की अम्मा, ये लोगां दिवसभर मागावर उभे राहतात, इनको फुलापानाची नक्षी नको, तोंडाला झणका पायजे. हुस्नानं तोवर माझ्यापुढं एक स्टूल आणि अर्धी भाकरी ठेवली होती. मी ती खाल्ली. किती खाल्ली ते विचारू नये.

आता तुझ्या रचलेल्या ताटाबद्दल. कागदावरची चव मला कळत नाही. एकदा येऊन आम्हाला रांधून घाल. तुझा बाप, मी, तुझा बिरुदेवमामा आणि गुरुलिंगअप्पा, एवढी माणसं पुरेत. जेवून झाल्यावर मी तुझ्या बापाला काय ते सांगेन.

येताना तुझ्यात अडकलेला आमचा जीव आणि थोडं जास्त सामान घेऊन यावे.

कस्तुराआत्या

---

पुणे, १६ जुलै २०२४

तीर्थस्वरूप आत्यास सा. न.

तुम्हा चौघांना रांधून घालून पुण्याला सुखरूप पोचलो. गाडीत झोपच लागली नाही एवढा आनंद झाला होता. आत्या, तुम्ही सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्यात! मी सगळ्यांना आणखी हवं का विचारलं, तर मामा बास म्हणाला, अप्पांनी पोट भरलं म्हणून हात जोडले आणि तू तर चक्क ढेकर दिलास. बाबांनी मान हलवून पुरे म्हटलं, आणि ते कधीच उगाच मान हलवत नाहीत. आमच्या हॉटेलातसुद्धा असे तृप्त पाहुणे मी पाहिलेले नाहीत.

आता बाबांशी तू कधी बोलतेस तेवढं कळव. दुकानाला रंग कुठला द्यायचा ते मी ठरवूनसुद्धा ठेवलं आहे.

तुझ्या ढेकराचा आभारी,
अजिंक्य

---

सोलापूर, २३ जुलै २०२४

चि. अजिंक्यास आशीर्वाद.

तू खरं लिही म्हणालास, म्हणून लिहिते. हातातलं काम बाजूला ठेवून वाच.

चवीत खोट नव्हती. तो रस मी तोंडात घेतला आणि डोळे मिटले. असं काही मी आजवर खाल्लेलं नाही. म्हणूनच तर राग आला. अरे, तू वाढलंस किती? वाटीच्या तळाला शेवयांची एक गुंडी, वर एक मशरूम, त्यावर तिरपं ठेवलेलं एक पान. आणि मग हात पाठीशी बांधून उभा राहिलास. आम्ही आपले वाट बघत बसलो, की हे झालं दाखवायचं, आता जेवण येईल. तू आलास तो भांडी उचलायला.

तू आणखी हवं का विचारलंस. सोलापुरात असं विचारल्यावर हवं म्हणणारा पाहुणा अजून जन्माला यायचा आहे. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, आणि तिसऱ्यांदा वाढणाऱ्यानं ऐकायचंच नाही. हे तुला लहानपणापासून माहीत होतं. हॉटेलात राहून तू पहिल्याच नकोला खरं मानायला शिकलास. वाट्या आम्ही चाटल्या, त्या भुकेनं.

जिना उतरलो तर कुणी कुणाकडे बघेना. शेवटी बिरुदेव म्हणाला, की जरा एमआयडीसीकडं काम हाय. अप्पांनाही तिकडेच काम निघालं. मकदूमच्या रिक्षात आम्ही तिघं मागे कोंबून बसलो आणि तुझा बाप पुढे त्याच्याशेजारी. शाकीरच्या गाड्यावर पोचेपर्यंत कुणीही कामाचं नाव काढलं नाही. बिरुदेवनं तिथं जे खाल्लं ते बघून हुस्नानं त्याची विचारपूस केली, की घरात सगळं बरं हाय ना.

इथपर्यंत हसण्यावारी नेलं असतं. पण मी तुझ्या बापाला विचारलं, की हे तर परके, तू घरचा, तू का मागून घेतलं नाहीस. तो ग्रेव्हीत भाकरी बुडवत म्हणाला, की ताई, पातेल्यात किती हाय ते दिसत न्हवतं. मी मागितलं आन पोराला कमी पडलं, तर चार माणसांत त्याची मान खाली गेली असती.

तुझा बाप तुझ्या पानावरून उपाशी उठला आणि तुला ते कळलं नाही. तुझी आई असती तर तिनं डाव हातात घेऊन चौघांनाही दमात घेतलं असतं. माणसाची भूक ज्याला ओळखता येत नाही त्यानं हॉटेल काढू नये असं माझं मत आहे. तुझ्या बापाला, कल्लप्पाला, मी अजून काही बोलले नाही, पण त्यानं विचारलं तर हेच सांगेन.

रागावलास तरी चालेल. लोभ कमी करू नये.

कस्तुराआत्या

---

पुणे, ३० जुलै २०२४

आत्यास नमस्कार.

पत्र मिळालं. तुला विचारलं ते तू खरं बोलतेस म्हणून. एसीतल्या वेटरला तू तोंडावर बोललीस, शाकीरला कोबीवरून बोललीस. आणि माझ्या घरी, माझ्यापुढे बसून खोटा ढेकर दिलास. अजून भूक आहे एवढे तीन शब्द बोलायला काय झालं होतं? ओट्यावर पातेलं अर्धं भरलेलं होतं, आत्या. ते मी रात्री एकट्यानं मोरीत ओतलं. परक्यांना खरं सांगायचं आणि घरच्यांना बास म्हणायचं, हे तुझं खरेपण मला कळलं नाही.

बाबांना काय सांगायचं ते सांग. लोभाबद्दल आज लिहवत नाही.

अजिंक्य

---

सोलापूर, १२ ऑगस्ट २०२४

चि. अजिंक्यास अनेक आशीर्वाद. ते तुला नको असले तरी घ्यावेत.

तू लिहिलंस ते बरोबर आहे आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. ते मोरीत ओतलेलं पातेलं काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी ठरवलं, की कल्लप्पाला जाऊन सांगायचं, दुकान पोराला दे, चूक त्याची होती तेवढीच आपलीही होती. काल सकाळी चांगलं लुगडं नेसून निघाले. रिक्षात बसून वाक्यं जुळवत होते.

जाऊन बघते तर दुकानाचं शटर वर. तुझा बाप बनियनवर टॉवेलचे जुने गठ्ठे ओढून बाहेर काढतोय, अंगभर धूळ. मी म्हटलं की हे काय, तर गठ्ठ्यावर बसला आणि त्यानं सांगितलं. आदल्या दिवशी तू न कळवता आलास. त्याच शेवया, तोच रस. पातेलं मात्र आणून त्याच्या मांडीशी ठेवलंस. तो नको म्हणाला, तू वाढलंस. त्यानं हात आडवा धरला, तू हातावरून वाढलंस. बोट भाजलं म्हणे, ते त्यानं मला कौतुकानं दाखवलं. मग पातेलं तिरपं करून तळ दाखवलास आणि राहिलेलं सगळं त्याच्याच वाटीत ओतलंस. एवढं जेवण तुझी आई गेल्यापासून जेवलो नव्हतो म्हणाला. आणि तू काय खाल्लंस ते विचारायचंच राहिलं, असं म्हणून त्यानं गठ्ठ्याची गाठ सोडली आणि परत बांधली. मला रडू आलं. मी ते धुळीवर ढकललं.

मग डोळे पुसून मी खाकरले आणि म्हटलं, की दुकानाचं तू ताईला विचारून ठरवणार होतास. माझं मत सांगायला मी तयार उभी. तर तो उठला, गठ्ठ्याला हात घातला आणि म्हणाला, की ताई, जरा बाजूला सर, लागंल.

सगळ्या गावाचं खाऊन, ओवा चावून, दोन महिने मत बनवलं मी. मला राग आला आहे आणि तो मी उद्घाटनापर्यंत टिकवणार आहे. परवा मला न बोलावता तुझा बाप एकटाच पोटभर जेवला, हे मी विसरणार नाही.

कळावे. भूक आहे, हे या वेळी आधीच लिहून ठेवते.

जिचं मत कुणी विचारलं नाही ती तुझी,
कस्तुराआत्या