क्लच न धरता

३ जुलै, गुरुवार
जाहीर निषेध. शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण लावायचं काम डाव्या हातावर टाकणं हा मानवजातीवर झालेला उघड अन्याय आहे आणि त्याची दाद कुठेच मागता येत नाही. आज सात मिनिटं. शेवटी बाही दुमडून मुरबाडला कॉलेजात गेलो. मुलांना वाटलं, सर भांडायच्या तयारीने आलेत. तास भलताच शांत.
वंदना दारात म्हणाली होती, "अहो, द्या इकडे."
"मी काय बालवाडीत आहे?"
तिला शेणव्याला आरोग्य उपकेंद्रात पोचायला उशीर झाला. माझ्यामुळे. गाडीवर मागे बसून वाटभर घड्याळ बघत होती, आरशात दिसत होतं.

५ जुलै, शनिवार
सरळगावच्या नाक्यावर क्लच दाबायला गेलो तर शेवटची दोन बोटं कामावर गैरहजर. गाडी हिसका देऊन बंद. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या वयाचा उद्धार केला. पन्नाशीत एवढी तगडी गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी केला होता, याने निदान हॉर्न वाजवून केला.
आमच्या वडिलांच्या, दादांच्या हातातून असाच कोयता पडायचा. "मूठ तेलकट झालीय" म्हणायचे. वर्षभर मूठ पुसत होते. मग पेला सुटायला लागला. मग घास.
पुढचं लिहायचं नाही.

८ जुलै, मंगळवार
मुरबाडचा दिनेश मेस्त्री. जुना माणूस, माझी गाडी माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. म्हटलं, क्लच जड झालाय.
त्याने दोन बोटांनी दाबून पाहिला. "लोण्यावानी चाललाय, सर."
मग मीच विषय काढला. क्विकशिफ्टर. (यापुढे नुसतं ‘क्वि.शि.’; पूर्ण नाव लिहायचं तर डाव्या हाताला वही फार वेळ धरावी लागते.) दिनेशने समजावलं: गिअरच्या दांडीत सेन्सर बसतो. पायाने लिव्हर उचलली की पापणी लवेल एवढा वेळ इंजिनाचा करंट तोडतो, तेवढ्यात गिअर सरकतो. खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग आपोआप थोडा उठवतो. क्लच धरायलाच नको.
"रेसवाले लावतात, सर. तुमाला कशाला?"
"मराठीच्या मास्तराला घाई नसते काय रे?"
हसला. मग म्हणाला, "पन निघताना नि थांबताना क्लच लागनारच हां. त्यातून कोनाची सुटका नाय."
तेवढं जमेल म्हटलं. निदान या वर्षी.

१२ जुलै, शनिवार
बसवलं. दिनेश वायर लावताना बरंच काही सांगत होता. वर्गात मुलं जशी मान हलवतात, तशी हलवली.
आणि काय सांगू! दुसरा, तिसरा, चौथा, डावा हात नुसता मुठीवर पाहुण्यासारखा बसलेला. टक्, टक्. किन्हवलीपर्यंत एकदाही क्लच नाही. हेल्मेटच्या आत मोठ्याने हसलो. दर रविवारी साप्ताहिकात लोकांच्या सोंगांवर लिहितो. हे माझं सोंग, रीतसर वायरिंग करून घेतलेलं.
वं.ला सांगितलं, मायलेज वाढतं. ती नाडी बघणारी बाई. नुसती बघत राहिली.

१५ जुलै, मंगळवार
चालत्या गाडीत इंजिन उचकी देतं. दोनदा. गिअर बदलत नव्हतो तरी. पेट्रोलमध्ये पाणी असेल. या पावसात माणसाच्या डोक्यातही पाणी जातं.
संध्याकाळी पेला सुटला. स्टीलचा होता. वं. आतून, "काय पडलं?"
"काही नाही. मांजर."
आमच्याकडे मांजर नाही.

१७ जुलै, गुरुवार
हात अजून कापतोय. उजवासुद्धा, म्हणजे ही साधी भीती. बरं वाटलं.
सकाळी शेणव्याच्या अलीकडचा चढ. वं. मागे. चौथ्यात होतो. मागून भेंडीचा टेम्पो, अगदी जवळ. आणि इंजिन गेलं. आलं, पुन्हा गेलं. गाडीने जागच्या जागी मान टाकली. वं.चं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर खाडकन आपटलं. डाव्या हाताला सांगितलं, क्लच धर. त्याने ऐकलंच नाही. टेम्पोचे ब्रेक किंचाळले. आरशात नुसती त्याची काच, दुसरं काही नाही.
वीतभर अंतर राहिलं असेल.
टेम्पोतून एक क्रेट रस्त्यावर पडून फुटला. भेंडी सगळीकडे. चालवणारा उतरला. किसन म्हणून, शेणव्याचाच, वं.ला ओळखणारा. मी शिव्यांची वाट बघत उभा.
"ओ मास्तर, मरायचंय तर एकटे मरा ना! आमच्या शिस्टरला कशाला नेताव?"
मग माझ्याकडे नीट बघून आवाज उतरवला. "बसा आधी. पानी प्या." बाटलीही त्यानेच उघडून दिली. भेंडी वेचू लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो, तुमच्या हातातून दोन उचलतात नि चार पडतात." क्रेटच्या पैशांचं विचारलं. हात झटकून गेला.
वं. उरलेला चढ चालत गेली. मी गाडी ढकलत मागे.

१८ जुलै, शुक्रवार
दिनेशला म्हटलं, तुझा सेन्सर खराब आहे. माझा जीव जात होता. (बायकोचा, असं म्हणायला जीभ वळली नाही.)
त्याने मला गाडीवर बसवलं, स्टँडवर इंजिन चालू केलं आणि खाली वाकून बघत बसला. उचकी. पुन्हा उचकी.
"सर, पाय बघा तुमचा."
डाव्या पायाचा अंगठा लिव्हरखाली. जुन्या गाडीवरची वीस वर्षांची सवय, लिव्हरखाली पाय ठेवून चालवायचं. खड्डा आला की, नाहीतर अंगठा जरा वर झाला तरी, लिव्हर उचलली जाते, सेन्सरला वाटतं गिअर बदलायचाय, तो करंट तोडतो. "बसवताना सांगितलं होतं ना, लिव्हरला पाय लावून चालवू नका."
सुटल्यासारखं झालं. यंत्र चांगलं, मीच गाढव. हे मला सोयीचं असतं.
पण दिनेश उठून हात पुसत म्हणाला, "एवढी लिव्हर उचलली जातेय, तुमाला कळत नाय काय पायाला?"
पावसाळी बूट जाड आहेत रे, म्हटलं.
"हां. मग असंल."
घरी येईपर्यंत पाय लिव्हरपासून दूर धरून चालवली. पोटरी भरून आली. बूट जाड आहेत. बूट जाडच आहेत.

२० जुलै, रविवार
सगळं सांगितलं. बटण, पेला, मांजर, दादांची मूठ. वं. भाजी निवडत होती, थांबली नाही.
"मांजराचं मला त्याच दिवशी कळलं."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही कधी सांगता ते बघत होते. परवा टेम्पोखाली जाता जाता वाटलं, बघायचं राहूनच जातंय."
मी तिच्यापुढची जुडी ओढून देठं मोडू लागलो.
मग तिने मला पलंगावर झोपवलं, मोजे काढले, डोळे मिटायला लावले. पेनाचं टोपण घेतलं. "लागलं की सांगा."
"लागलं." "लागलं." मग बराच वेळ काही नाही. भीती वाटायला लागली. इतका वेळ ती हात लावत असेल आणि मला कळत नसेल तर?
"लागलं," म्हणालो.
"अहो," ती म्हणाली, "मी अजून लावलंच नव्हतं."
डोळे उघडले. टोपण तिच्या मांडीवर. तिचे डोळे भरलेले. लग्नाला सव्वीस वर्षं, मी तिला एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ते खातं माझ्याकडे आहे.

२४ जुलै, गुरुवार
उद्या कल्याणला नसांची तपासणी. मानेची नस असेल, मनगटाची असेल, वं. म्हणते, अशा पुष्कळ असतात. तिसरं काय असू शकतं ते दोघंही बोलत नाही. पायाचं ती म्हणते, तुम्ही मला नीट बघूच दिलं नाही. खरंय.
दिनेशचा फोन. "क्वि.शि. काढू काय, सर?" (त्याने पूर्ण म्हटलं.) राहू दे म्हटलं. गाडीवर कव्हर घातलंय.
आता वं.ची स्कूटर, मी मागे. वळणावर ती कलली की मीही कलतो. मागे बसलेल्याला किती भीती वाटते हे सव्वीस वर्षांनी समजलं.
आज कॉलेजातून येताना मुरबाडच्याच बाजारात थांबून नवा क्रेट घेतला. शेणव्याला किसनचा टेम्पो बांधाशी उभा होता, किसन लांब शेतात, पाठमोरा. हाक मारली नाही. क्रेट मागच्या फळीवर ठेवला. वारा होता, म्हणून सुतळीने दांडीला बांधायला घेतला. डाव्या हातात सुतळीचं टोक राहीना. एकदा सुटलं, दोनदा सुटलं.
वं. स्कूटरवर बसून भातसा धरणाकडचे डोंगर बघत होती. ती पुढे आली नाही, "द्या इकडे" म्हणाली नाही.
तिसऱ्यांदा गाठ बसली.
ओढून पाहिली नाही.