एक ताट जास्तीचं

३० नोव्हेंबर, अमरावती
आज पुन्हा दिवेलागणीला गेटाची कडी वाजली. एकदा. मग थांबून दुसऱ्यांदा. हे तसंच करायचे. कडी गंजलेली, पहिल्या झटक्याला निघत नाही. हे एप्रिलमध्ये गेले, कडी पावसाळा सरल्यावर वाजायला लागली.
बघायला जात नाही. मी गेले आणि कोणी नसलं तर?

४ डिसें.
रूथचा अकोल्याहून फोन. "आई, नाताळ इकडं कर. एकटी काय करून राहिली तिथं?" पोरीला काय सांगू? संध्याकाळी दाराला कुलूप दिसलं तर कडी काढणाऱ्यानं परत जायचं का? गुडघे दुखतात म्हटलं. तेही खोटं नाही.

८ डिसें., रविवार
चर्चमध्ये उपदेश इम्मानुएल या नावावर. देव आपल्याबरोबर. पाळक नवीन, तरणे. बाहेर पडताना विचारलं, "पाळकसाहेब, बरोबर म्हणजे कुठं?"
"सगळीकडं, काकू."
जो सगळीकडं असतो त्याच्यासाठी दार कोणतं उघडायचं? हे विचारायचं राहून गेलं. मागं रांग होती.

११ डिसें.
मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर शिकले, मग पवित्र शास्त्रावर. अजून ओळीखाली बोट लागतं. येशूच्या जन्माची गोष्ट रोज थोडी वाचते. बोट हळू चालतं म्हणून की काय, आज एका जागी अडकलं. देवाला यायचं होतं तर ढगातून हाक मारली असती तरी चाललं असतं. तो आला तो दूध पाजावं लागेल असा. तोंड पुसावं लागेल असा. मरीयेला कित्येक दिवस धड झोप नसेल.
कडी वाजली. दोनदा.

१५ डिसें.
मोर्शीहून यांच्या दोस्ताने संत्री पाठवली, दरवर्षीसारखी. टोपलीवर नाव यांचंच.
दुखवट्याचं वर्ष आहे, म्हणून दारात नाताळचा तारा नाही, फराळ नाही. शास्त्रात असं कुठं नाही. पण सगळे शेजारी पाळतात, आपणही पाळत आलो.
पण ताटाचं काय करायचं? सासूबाईंचा नेम होता, "नाताळाले एक ताट जास्तीचं." दुपारी जो पहिला दारात येईल त्याचं ते. जात-गोत विचारायचं नाही. तो जेवल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही. सिलिंडरवाला जेवला, बांगड्यावाली जेवली, एक दारुडा जेवून तिथंच घोरला. कोणी आलं नाही की हे गेटावर जाऊन धरून आणायचे. एकदा चौकातल्या पोलिसाला आणलं. "साहेब, पावती मंग फाडा, आधी जेवा."
यंदा गेटावर कोण उभं राहील?

२० डिसें.
दोन घरं सोडून राहणारी सुजाता कढी देऊन गेली. "काकू, तारा नाई लावत का औंदा?"
"यंदा नाही."
"मग आमच्या पोट्ट्यायले कसं समजन नाताळ आला म्हणून?" हसली आणि घाईनं घरी वळली. तिचे सासरे नामदेवराव, एसटीवर ड्रायव्हर होते. बायको कौसल्या गेल्यापासून त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. तीही थकली आहे.

२३ डिसें.
नाताळची गाणी म्हणणारी मंडळी संध्याकाळी गल्लीत आली. ढोलकी वळणापर्यंत ऐकू आली. माझ्या घराजवळ येताच बंद. नुसती पावलं. पुढच्या घरापाशी पुन्हा सुरू.
मान राखला त्यांनी. कळतं मला. मी दाराआड उभी होते, ओच्यात त्यांच्यासाठी संत्री धरून.
माझ्या घरापुरता देवसुद्धा चपला हातात घेऊन गेला.

२५ डिसें.
उपासना करून आले. मटण, पोळ्या, भात. दोन ताटं केली. जास्तीचं ताट वाढलं तेव्हा ध्यानात आलं, मिरची डावीकडं ठेवली आहे, भातावर रस्सा घातलेला नाही. यांचं ताट वाढलं होतं मी. नेम पाहुण्याचा आणि ताट यांचं. मिरची उचलली. परत ठेवली.
दुपार गेली. कोणी आलं नाही. तारा नसलेलं घर पाहून कोण येतं? गेटावर जाऊन उभी राहिले, पण कोणाला हाक न मारताच परत आले. भूक लागून मेली.
दिवेलागणीला कडी वाजली.
आज बसून राहता येत नव्हतं, ताट होतं. देवा, कोणी का असेना, म्हणत दार उघडलं.
नामदेवराव. अंगात उलटा स्वेटर, पायात काही नाही. सरळ आत आले, यांच्या जागेवर बसले.
"कौसल्या, अंधार काहून ठेवला वं?"
मी दिवा लावला. मी कौसल्या नाही, हे सांगायचं होतं. ताट पुढं ठेवलं. हात थरथरतो त्यांचा, रस्सा हनुवटीवरून ओघळला. पदराने पुसला.
अर्ध्यात थांबले. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू जेवली का?"
एप्रिलपासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. फोनवर गोळ्या घेतल्या का विचारतात. त्यांच्यासमोर बसून जेवले. त्यांनी संत्रं सोलून अर्धं मला दिलं.
सुजाता धावत आली. "अवो, इथं हायेत! काकू, रोज सटकतात हे. दोन्ही गेटं एकाच वेल्डरची, निळी. तुमचंच गेट आपलं समजतात. कितीकदा कडी काढता काढता वापस नेलं म्या."
"रोज?"
"दिवाळीच्या आधीपासून."

२६ डिसें.
म्हणजे नामदेवराव येत होते. हे नव्हते.
यांना काल दुसऱ्यांदा पोचवलं.
म्हाताऱ्यावर राग धरायचा प्रयत्न केला. होत नाही. तोंड पुसलं आहे त्यांचं.
पण काल कडी एकदाच वाजली होती. की दोनदा? भुकेत ध्यान नव्हतं.

२८ डिसें.
माळ्यावरून तारा काढला, लावला. सुजाता फाटकातून ओरडली, "काकू, नाताळ तं झाला!"
"असू दे. तुझ्या सासऱ्याले घर ओळखू येईल."
"मंग आमच्याच घरावर लावा ना!" दोघी खूप हसलो. मग ती रडली, ओसरीवर बसून.
संध्याकाळी नामदेवरावांसाठी ताट केलं. आले, जेवले. मला आज मावशी म्हणाले. पाळकसाहेबांना सांगायला हवं, बरोबर म्हणजे कुठं ते मला थोडंसं...

३० डिसें.
सकाळी नामदेवरावांना त्यांच्या लेकीकडं नेलं, अकोल्याला. सुजाताला जरा उसंत. जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
संध्याकाळी काही वाजलं नाही. घर एवढं शांत कधी नव्हतं. रूथला फोन केला, येते म्हटलं. "कायमची?" तिनं विचारलं. बघू म्हटलं. आता अडवायला कोण आहे?

३१ डिसें.
पिशवी भरली. यांचा चष्मा घेतला. संत्री सुजाताच्या पोरांना दिली. रूथ फोनवर म्हणाली, नामदेवरावांची लेक तिच्याच रस्त्यावर राहते, ते आज सकाळी तिथं अंगणात उन्हात बसलेले दिसले.
तारा काढायला स्टूल घेतलं होतं. राहू दिला.
एकटीपुरत्या पोळ्या केल्या, शेवटची तव्यावर आहे.
लिहिता लिहिता कडी वाजली. एकदा.
थांबून दुसऱ्यांदा.
नामदेवराव अकोल्याला. सुजाता कडी वाजवत नाही, हाक मारते.
भीती वाटते आहे. तरी दुसरं ताट घेतलं. आधी दार उघडते.